आजारी यंत्राचे काम कोणाला?

डहाणू रोड स्टेशनात उतरून पूर्वेकडे निघाले की चिकूच्या वाड्या मागे टाकत रस्ता आशागडला पोहोचतो. डहाणूचा चिकू सर्वांना ठाऊक असतो. पण वाढदिवसाला आपण जे फुगे फुगवतो, त्यांतले कितीतरी याच परिसरातल्या लहानमोठ्या कारखान्यांत जन्माला येतात, हे फार थोड्यांना माहीत असते. फुगा होतो तो असा: फुग्याच्या आकाराचे साचे एका फळीवर ओळीने बसवलेले असतात. ती फळी आधी क्षाराच्या द्रावणात आणि मग रबराच्या पातळ चिकात बुडवतात. साच्यावर चिकाचा पापुद्रा बसतो. तो वाळवायचा, तोंडाशी गुंडाळून कडा करायची, भट्टीतून काढायचा आणि शंखजिऱ्याची पूड लावून साच्यावरून ओढून घ्यायचा. झाला फुगा!

आता विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही अशा एखाद्या कारखान्याचे मुकादम आहात असे समजा. तुमच्या हाताखाली चार यंत्रे आहेत. येणारी प्रत्येक फळी कोणत्या यंत्रावर चढवायची हे तुम्ही ठरवायचे. एके दिवशी तिसऱ्या यंत्राचा पट्टा तुटतो आणि ते जागच्या जागी थांबते. तुम्ही काय कराल? सोपे आहे. त्याच्या वाटणीच्या फळ्या उरलेल्या तीन यंत्रांवर वाटून द्याल.

पण समजा, पट्टा तुटलाच नाही. यंत्र फिरते आहे, आवाज करते आहे. फक्त भट्टीचा तापक दुबळा झाला आहे आणि फुगे चिकट निघताहेत. किंवा असे समजा, की तिसरे यंत्र दुसऱ्या शेडमध्ये आहे, तिथला माणूस दर थोड्या वेळाने ‘चालू आहे’ असे ओरडून सांगतो, आणि गेली पाच मिनिटे त्याचा आवाजच आलेला नाही. यंत्र बंद पडले? की माणूस चहा प्यायला गेला? की मधले दार लागले म्हणून आवाज येत नाही?

मेलेले यंत्र, आजारी यंत्र आणि गप्प यंत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतल्या शेवटच्या दोन जगभरच्या हुशार अभियंत्यांना आजही घाम फोडतात. फुग्यांच्या कारखान्यात चार यंत्रे असतात. संगणकांच्या कारखान्यात चार हजार असू शकतात.

संगणकांचा कारखाना कसला, असे तुम्ही विचाराल. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी लाखो मुले एकाच वेळी आपला बैठक क्रमांक टाकून गुण पाहतात. रेल्वेची तिकिटे, बँकेचे व्यवहार, फोनवरून केलेले पैशांचे देणेघेणे हे सारे एका संगणकाच्या आवाक्यातले काम नव्हे. त्यासाठी शेकडो, हजारो संगणक एका मोठ्या थंड दालनात मांडणीवर रचून एकमेकांना जोडलेले असतात. अशा समूहाला क्लस्टर म्हणतात. त्यांच्यावर चालणारी कामे कंटेनरमध्ये भरलेली असतात. शब्द बंदरावरूनच आला आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले, आणि मालाची वाहतूकच बदलून गेली. पेटीत कापड आहे की औषधे, याच्याशी यारीला कर्तव्य नसते. सर्व पेट्यांचे माप एक, म्हणून कोणतीही पेटी कोणत्याही जहाजावर चढते. संगणकातल्या कंटेनरचेही तसेच. एखादे काम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एका बंद पेटीत भरले, की ती पेटी समूहातल्या कोणत्याही संगणकावर ठेवता येते. आज या यंत्रावर, उद्या त्या.

पेट्या कोणत्या यंत्रावर ठेवायच्या हे ठरवणारा मुकादमही एक आज्ञावलीच असते. आज सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मुकादमाचे नाव कुबरनेटीस. गुगल कंपनीतल्या अभियंत्यांनी २०१४ साली तो जगापुढे मांडला. त्याआधी त्याच कंपनीत ‘बोर्ग’ नावाचा त्याचा पूर्वज अनेक वर्षे राबत होता. कुबरनेटीस हा ग्रीक शब्द आहे. अर्थ, जहाजाचे सुकाणू धरणारा. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही मुलाला विचारा, तो एका शब्दात सांगेल: तांडेल! आपण मात्र या लेखापुरते त्याला मुकादमच म्हणू, कारण त्याचे खरे काम माणसे न्यायचे नसून कामे वाटायचे आहे.

नाडी कशी बघायची?

डॉक्टर रोग्याची नाडी बघतात. हजार यंत्रांची नाडी बघत मुकादम हिंडू लागला तर त्याला दुसरे काम करताच येणार नाही. म्हणून व्यवस्था उलटी केली आहे. प्रत्येक यंत्रावर मुकादमाचा एक छोटा हस्तक बसवलेला असतो. तो दर १० सेकंदांनी आपण होऊन निरोप पाठवतो: मी आहे. या निरोपाला हृदयाचा ठोका असेच म्हणतात. एखादा ठोका चुकला म्हणून कोणी घाबरत नाही. तारेतून जाताना निरोप हरवूही शकतो. पण ओळीने चार-पाच ठोके चुकले, म्हणजे ४०-५० सेकंद शांतता राहिली, की मुकादम त्या यंत्रावर एक खूण करतो. खडूने फुली मारावी तशी. या फुलीचा अर्थ एवढाच की या यंत्राला नवे काम देऊ नका.

जुन्या कामाचे काय? ते तो लगेच हलवत नाही. नेहमीच्या मांडणीत तो आणखी ५ मिनिटे थांबतो. एवढा मोठा संगणक, सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करणारा, आणि पाच मिनिटे नुसता वाट पाहत बसतो! मला प्रथम हे वाचून हसू आले होते. पण जरा विचार केला तर यात शहाणपण दिसते.

कल्पना करा, एक मासेमारी बोट डहाणूहून समुद्रात गेली आहे आणि तिच्या बिनतारी संचावरून निरोप येईनासे झाले आहेत. बोट बुडाली असेल. पण संच बिघडला असेल आणि बोट सुखरूप जाळे टाकत असेल, असेही असू शकते. किनाऱ्यावर बसून या दोहोंतला फरक कळत नाही. दोन्ही वेळी आपल्या कानी येते ती फक्त शांतता. संगणकाच्या समूहातही अगदी हेच होते. यंत्र जळाले तरी ठोके थांबतात, आणि यंत्र ठणठणीत असून मधली तार निघाली तरी ठोके थांबतात.

दुसऱ्या प्रकारात घाई केली तर काय होईल पाहा. एका पेटीत बँकेचे काम आहे: तुमच्या वडिलांच्या खात्यातून ५०० रुपये विजेच्या बिलापोटी द्यायचे. यंत्र गप्प झाले म्हणून मुकादमाने तेच काम दुसऱ्या यंत्रावर सुरू केले. पण पहिले यंत्र मेलेले नव्हतेच! ते आपले काम करतच होते. आता एकच हुकूम दोन ठिकाणी पाळला जातो, आणि ५०० च्या जागी १००० रुपये जातात. निकालाचे गुण दाखवण्याच्या कामात दोन प्रती चालल्या तर काही बिघडत नाही, उलट बरेच. पैशाच्या वहीत मात्र दोन जणांनी एकाच वेळी लिहून चालत नाही.

म्हणून अशा नाजूक कामांसाठी नियम कडक असतो. जुने यंत्र खरोखरच थांबले याची खात्री झाल्याशिवाय नवी प्रत सुरू करायची नाही. खात्री होत नसेल तर त्या गप्प यंत्राचा वीजपुरवठाच तोडायचा, म्हणजे शंकेला जागाच उरत नाही. हे क्रूर वाटेल. पण खांबावर चढणारा वायरमन काय करतो ते आठवा. ‘लाइन बंद आहे’ असे कोणी सांगितले म्हणून तो तारेला हात लावत नाही. खटका उघडलेला पाहतो, तार जमिनीशी जोडतो, मगच काम. तार गप्प असते म्हणून ती मेलेली असते असे नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

दुखणे अंगावर काढणारी यंत्रे

गप्प यंत्रापेक्षाही फसवे ते आजारी यंत्र. ते ठोके नियमित पाठवत असते.

काही दुखणी हस्तकाला स्वतःलाच कळतात. यंत्राची स्मृती अपुरी पडू लागली, साठवणीची तबकडी भरत आली, एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या फार वाढली, की तो आपल्या निरोपातच तसे कळवतो. मुकादम त्या त्या दुखण्याची वेगळी फुली मारतो. गंमत अशी, की प्रत्येक फुली प्रत्येक कामाला अडवतेच असे नाही. काही पेट्यांवर लिहिलेले असते: मला ही फुली चालते. उदाहरणार्थ, यंत्राची तब्येत तपासण्याचे काम ज्या पेटीत आहे, ती आजारी यंत्रावर जायलाच हवी. डॉक्टरच रोग्याच्या खोलीत गेले नाहीत तर कसे व्हायचे?

दुखणे आधीच कळले, तर पद्धत आपल्या फुग्यांच्या मुकादमासारखीच. आधी नवी फळी चढवणे बंद. मग चालू असलेल्या पेट्यांना एकेक करून निरोप: आवरून घ्या. आवरायला साधारण ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात हातातला हिशेब पुरा करायचा, वही मिटायची. त्यानंतरही जो उठत नाही त्याला उठवले जाते. रिकाम्या झालेल्या यंत्रावर मग माणूस निवांत दुरुस्ती करतो, आणि निकाल पाहणाऱ्या मुलांना मागे काही घडले याचा पत्ताही लागत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली आलेल्या ‘प्रत्यूष’सारख्या महासंगणकावरची कामे मात्र अशी सहज उठून दुसरीकडे जात नाहीत. हवामानाचे एकच अवाढव्य गणित शेकडो यंत्रे मिळून सोडवत असतात आणि प्रत्येकाला शेजाऱ्याचे उत्तर हवे असते. एक आडवा झाला की सगळी पंगत खोळंबते. अशा गणितात ठराविक वेळाने आतापर्यंतचे आकडे बाजूला उतरवून ठेवतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आता सर्वांत विलक्षण दुखणे सांगतो.

आपल्या कारखान्यात तापक दुबळा झालेले ते तिसरे यंत्र घ्या. समजा, त्याला आणखी एक खोड लागली: फळी आली की दोन मिनिटांत ती अर्धवटच बाहेर फेकायची. बाकीची यंत्रे एका फळीला वीस मिनिटे घेतात. तुम्ही मुकादम दुरून बघता. कोणते यंत्र रिकामे आहे? तिसरे. द्या त्याला फळी. पुन्हा बघता, रिकामे कोणते? पुन्हा तिसरेच! संध्याकाळी हिशेब केला तर असे दिसते, की जे यंत्र सर्वांत आजारी, त्यालाच तुम्ही सर्वांत जास्त काम दिले आणि दिवसभराचा माल नासला. बाकीची तीन धडधाकट यंत्रे मात्र शांतपणे आपल्या गतीने चालली होती.

संगणकांच्या समूहात हे खरोखर घडते. अशा यंत्राला तंत्रज्ञ कृष्णविवर म्हणतात, कारण आसपासचे सारे काम ते गिळत सुटते. दोष यंत्राचा तर आहेच. पण मुकादमाच्या नियमाचाही आहे. ‘रिकाम्याला काम द्या’ हा नियम ऐकायला किती न्याय्य वाटतो! त्यात फक्त एवढे विचारायचे राहून गेले, की हा रिकामा का आहे? उपाय म्हणून कामे किती झाली याबरोबर किती फसली हेही मोजतात. शिवाय फसलेली पेटी पुन्हा सुरू करण्याआधी मुद्दाम उशीर करतात: पहिल्यांदा १० सेकंद, मग २०, मग ४०, असे दुप्पट करत जास्तीत जास्त ५ मिनिटांपर्यंत. एवढ्या वेळात कोणाचे तरी लक्ष जाते.

वालाचा खेळ

इथपर्यंत आजारी यंत्र एकच होते. आता दहा मित्र जमवा, दहा वाट्या घ्या आणि ८० वाल घ्या. वाल नसतील तर चिंचोके चालतील. नियम असे: प्रत्येक वाटीत जास्तीत जास्त १० वाल मावतात. ज्याच्या वाटीत १० हून जास्त पडतील तो कोसळला, त्याने खाली बसायचे, आणि त्याचे सगळे वाल उरलेल्यांत सारखे वाटायचे. सुरुवातीला प्रत्येकाला ८ वाल द्या.

एकाला खाली बसवा. त्याचे ८ वाल नऊ जणांत वाटले. आठ जणांकडे ९ झाले, एकाकडे ८ च राहिले. सर्व उभे. आणखी एकाला बसवा. आता ८० वाल आठ वाट्यांत, म्हणजे प्रत्येकी बरोबर १०. अजूनही सर्व उभे, आणि दुरून बघणाऱ्याला सारे ठीकच दिसते. आता तिसऱ्याला बसवा. त्याचे १० वाल सात जणांत वाटायचे. एकेक वाल पडताच सातही वाट्या ओसंडतात आणि सातही जण कोसळतात. दहापैकी तीनच आजारी होते. मेले मात्र दहाही. सात धडधाकट होते, त्यांना मारले ते मदतीने.

पुन्हा खेळा, पण या वेळी प्रत्येकाला ६ च वाल द्या. किती जण बसले तरी बाकीचे तगतात ते मोजा. रिकामी वाटलेली जागा कशासाठी ठेवलेली असते हे हाताला कळेल. कारखान्याच्या मालकाला मात्र ती नेहमीच वाया गेलेली दिसते.

म्हणून कुबरनेटीसच्या नियमांत एक कलम आहे, जे मला सर्वांत आवडते. एरवी तो फुली पडलेल्या यंत्रांवरून कामे हलवतो ती दर १० सेकंदांना एका यंत्रावरची, अशा चालीने. पण एखाद्या विभागातली ५५ टक्के किंवा त्याहून जास्त यंत्रे एकाच वेळी आजारी दिसू लागली, तर तो आपली चाल दहापट मंद करतो. समूह लहान, म्हणजे ५० यंत्रांपर्यंतचा असेल, तर त्या विभागात कामे हलवणे पूर्ण थांबवतो. आणि सगळ्याच विभागांतली सगळी यंत्रे गप्प झाली तर? तर तो असे धरून चालतो की हजार यंत्रे एका क्षणी मरत नाहीत. बहुधा माझाच कान बिघडला आहे. आणि तो कोणालाही हात लावत नाही.

डहाणूची दोन यंत्रे

वालाचा हा खेळ विजेच्या तारांवर फार पूर्वीपासून चालत आला आहे, आणि त्याचा एक मोठा डाव आशागडपासून जवळच, डहाणूच्या खाडीकाठी खेळला गेला. तिथल्या औष्णिक वीज केंद्राची सुमारे २७५ मीटर उंचीची चिमणी परिसरात दुरूनही दिसते. १९९५ साली सुरू झालेल्या या केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि त्यांची वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या उपनगरांकडे जाते.

विजेच्या जाळ्यात हृदयाचा ठोका वेगळा पाठवावा लागत नाही. तो विजेतच असतो. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा दिशेचे एक पूर्ण आवर्तन करतो. डहाणूचे जनित्र त्यासाठी मिनिटाला ३००० फेरे घेते, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेल्यापासून काश्मीर ते कन्याकुमारी सर्व मोठी जनित्रे एकाच तालात फिरतात. कुठे एखादे जनित्र बंद पडले तर त्याचा भार क्षणात इतरांवर येतो, सर्वांची चाल किंचित मंदावते, ५० चा आकडा थोडा घसरतो. कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात बसलेल्या मुकादमाला तो आकडा सतत समोर दिसत असतो. पण त्याच्यापाशी पाच मिनिटे नसतात. काही वेळा पाच सेकंदही नसतात. पेटी उचलून थोडा वेळ बाजूला ठेवता येते. वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. म्हणून पहिले निर्णय माणूस घेतच नाही, तारांवर बसवलेली स्वयंचलित यंत्रणा घेते. संगणकाच्या मुकादमापेक्षा विजेच्या मुकादमाचे काम मला नेहमीच अधिक अवघड वाटत आले आहे.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईकडे वीज आणणाऱ्या कळवा परिसरातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद पडलेल्या होत्या. त्यांचे वाल उरलेल्या वाट्यांत पडले होते. मग आणखी एक गेली. दहाच्या सुमारास उरलेल्या वाहिन्यांना भार सोसेना, त्या एकामागून एक तुटल्या, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारला. लोकल गाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. ते करोनाच्या साथीचे दिवस होते. रुग्णालयांत प्राणवायूवर असलेली माणसे होती, घराघरांत फोनसमोर बसून परीक्षा देणारी मुले होती.

अशा प्रसंगासाठी मुंबईत १९८० च्या दशकापासून एक युक्ती योजलेली आहे. बाहेरचे जाळे आजारी पडले तर त्याच्याशी असलेले सर्व दुवे आपण होऊन तोडायचे आणि शहराचे एक वेगळे बेट करायचे. ऐकायला हे पळपुटेपणाचे वाटते, पण वालाच्या खेळातल्या शेवटच्या सात जणांना विचारा! शेजाऱ्याचे वाल घ्यायला त्यांनी वेळीच नकार दिला असता तर ते उभे राहिले असते. मात्र बेट केले म्हणजे निभावले असे नाही. बेटावर जेवढी वीज तयार होते, नेमका तेवढाच भार बेटावर ठेवावा लागतो. जास्त ठेवला तर जनित्रे मंदावून बंद पडतात, फार कमी ठेवला तर भरधाव सुटतात. मग ठरवावे लागते, कोणाची वीज ठेवायची आणि कोणाची काढायची. ही यादी संकटाच्या क्षणी करत बसायची नसते, आधीच करून ठेवलेली असते.

त्या सकाळी मुंबईसाठी आखलेले मोठे बेट तगले नाही. डहाणूच्या संचांभोवतीचे छोटे बेट तगले. आजूबाजूचे जाळे कोसळत असताना या केंद्रातून सुमारे ३८५ मेगावॅट वीज मुंबईतल्या अत्यावश्यक सेवांना मिळत राहिली, असे वीज कंपनीने त्याच दिवशी जाहीर केले. ज्यांचे दिवे गेले त्यांना ते पटले नसेल. आमचेच का काढले, असे प्रत्येकाला वाटते. पण मूठभर वाल जमिनीवर ठेवायला तयार नसलेला मुकादम सगळ्याच वाट्या गमावतो.

बेट पुन्हा मुख्य जाळ्याला जोडणे हेही सोपे नसते. दोन्हीकडचा ताल तंतोतंत जुळावा लागतो. एकीकडचे आवर्तन वर जात असताना दुसरीकडचे खाली येत असेल आणि त्या क्षणी खटका दाबला, तर जनित्राला असा हिसका बसतो की त्याचा दांडाही पिळवटू शकतो. म्हणून तालमापकाचा काटा पाहत, हळूहळू चाल जुळवत, नेमक्या क्षणी जोड देतात. त्या दिवशी दुपारपासून एकेक भाग असा जोडत नेला गेला.

संगणकांच्या समूहात बरे झालेले यंत्र परत येते तेव्हा हिसका बसत नाही. ठोके पुन्हा येऊ लागले की मुकादम फुली पुसतो. पण हलवलेल्या पेट्या तो परत आणत नाही. जिथे गेल्या तिथेच त्या नांदतात, आणि बरे झालेले यंत्र नवे काम येईपर्यंत रिकामे बसून राहते. फुग्यांच्या कारखान्यातला जुना मुकादम याहून थोडा पुढे जाईल असे मला वाटते. तापक बदलून झाला की तो तिसऱ्या यंत्रावर आधी एकच फळी चढवील, आणि त्यातले दोन-चार फुगे स्वतः फुगवून पाहील.